तुमची गादी, तुमची वैरीण

मेमरी फोमच्या गादीवर मी एकदाही झोपले नव्हते, तरी तिच्यावर माझे शंभरेक लेख छापून आले होते. पाठदुखीला ही गादी का चांगली, बाळंतिणीला का चांगली, नवरा घोरत असेल तर का चांगली. नवरा मला नव्हता, बाळंतपण दूरच राहिलं, आणि बाविसाव्या वर्षी पाठ कोणाची दुखते? पण लिहायला काय लागतं! थोडी लाज बाजूला ठेवली की बाकी हात आपोआप चालतो.

आमच्या गावी, नेरला, बस स्टँडपासून जवळच एक कॉम्प्युटर क्लास होता. बी.ए. झाल्यावर मी तिथे टायपिंग शिकायला गेले. क्लासवाल्या सरांनी माझं इंग्रजी पाहिलं आणि शिकवणी सोडून मला कामालाच लावलं. सरांना कुठून तरी परदेशातला एक गादीवाला सापडला होता. तो इंटरनेटवर गाद्या विकायचा. त्याचं म्हणणं एवढंच होतं की कोणी गादी शोधायला बसलं तर त्याची वेबसाइट सगळ्यांच्या वर दिसावी. त्यासाठी लेख लिहायचे, फुकट लेख छापणाऱ्या साइटांवर ते चढवायचे आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी त्याच्या दुकानाची लिंक ठेवायची. जितक्या जागी लिंक, तितकं दुकान वर.

"पण सर, हे वाचते कोण?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कोनी नाई वाचत, बाई. मशीन वाचते. मानसाचं टेन्शन घेऊ नको."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. वाचणारा नाही म्हटल्यावर चूक काढणाराही नाही.

नियम मोजके होते. लेख चारशे शब्दांचा. त्यात 'मेमरी फोम मॅट्रेस' हे शब्द तीनदा आलेच पाहिजेत, पण चौथ्यांदा आले तर साइटवाले लेख परत पाठवत. एकच लेख दोन साइटांना चालत नसे, म्हणून त्याची तोंडं बदलून बदलून पाच लेख करायचे. पहिल्यात 'आराम', दुसऱ्यात 'सुख', तिसऱ्यात 'विश्रांती'. आमच्याकडे एकाच वांग्याची भाजी आज रस्सा, उद्या भरीत आणि परवा भात घालून करतात, त्यातलाच प्रकार. आणि शेवटचा नियम सर बोट वर करून सांगत, "खोटं लिवायचं नाई. फक्त खरं सगळं लिवायचं नाई."

माझ्या इंग्रजीचा एक रोग होता. वऱ्हाडीत आम्ही जातो, येतो म्हणत नाही. आम्ही जाऊन राह्यलो, येऊन राह्यलो. त्यामुळे माझ्या इंग्रजीतही प्रत्येक क्रियापदाला 'इंग'चं शेपूट लागलेलं असायचं. एका लेखात मी लिहिलं होतं, 'यू आर स्लीपिंग, बट युवर बॅक इज नॉट स्लीपिंग.' सर कपाळाला हात लावून बसले. तुम्ही झोपून राह्यले, पण तुमची पाठ झोपून नाही राह्यली! पण त्या गादीवाल्याला तेच वाक्य इतकं आवडलं, की त्याने ते आपल्या दुकानाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टाकलं. तेव्हापासून सरांनी माझं व्याकरण तपासणं सोडून दिलं.

लेखाखाली लेखकाची ओळख द्यावी लागे. सरांनी मला एक गोरं नाव देऊन टाकलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'झोप या विषयाच्या तज्ज्ञ, पंधरा वर्षांचा अनुभव'. हिशेब लावला तर मी सातव्या वर्षी तज्ज्ञ झाले होते. खरं म्हणजे सातव्या वर्षी मी भर दुपारी रुईच्या ढिगात झोपायचे, म्हणजे अगदीच खोटंही नव्हतं.

कारण आमचं दुकान गादीचंच. आम्ही पिंजारी. जुन्या गादीची खोळ उसवायची, आतली दबलेली रुई मशीनवर पिंजायची, पुन्हा भरायची आणि दाभणाने टाके घालून द्यायची. अब्बा पिंजायचे, अम्मी खोळी शिवायची आणि मी एकुलती एक लेक, जिला हे काम करावं लागू नये म्हणून शिकवलं होतं. घरात आमची हिंदी, दुकानात वऱ्हाडी, आणि अब्बा कधी कधी दोन्ही एकाच वाक्यात चालवत.

आता यातली मेख सांगते. गादीवाल्याला फोम विकायचा होता आणि फोम विकायचा तर कापसाला नावं ठेवणं आलंच. बाकीचे लिहिणारे गोलगोल लिहीत. मला गोलगोल लिहायची गरजच नव्हती. गादीत गाठी कुठे पडतात, कमरेच्या जागी खळगा का होतो, खोळ उसवली की किती धूळ निघते, पावसाळ्यात रुई ओल कशी धरते, हे मी जन्मापासून ऐकत आले होते. अब्बा गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे, "हे पाय बाप्पा, इथं रुई सरकली, म्हणून तुही कंबर धरते." मी ते सकाळी ऐकायचे आणि दुपारी इंग्रजीत लिहायचे. माझे लेख कुठूनच परत येत नसत. सर म्हणत, तुझ्या लिखाणात वजन आहे. वजन अब्बांचं होतं आणि ते मी अब्बांच्याच धंद्यावर टाकत होते.

आणि धंद्याचे दिवस कसे होते? कापसाने रडवण्याची ती वर्षं. पुण्यामुंबईच्या कोणाला सांगितलं की मी यवतमाळ जिल्ह्याची, तर ते आवाज खाली आणून घरचे बरे आहेत ना, असं विचारत. घरचे बरे होते. गाद्या भरायला कोणी येत नव्हतं, एवढंच. लोकांना वाटतं कापसाचा भाव पडला की पिंजाऱ्याची चांदी. तसं नसतं. आमचं गिऱ्हाईक कापूस पिकवणारंच. लेकीच्या आंदणात दोन गाद्या द्यायच्या म्हणून तो थोडी घरची रुई बाजूला काढून ठेवायचा. त्या वर्षांत बाजूला काढण्याइतकं कोणाच्या हाती राहिलंच नाही, आणि पलंगासोबत आयती मिळणारी फोमची गादी लग्नात जाऊ लागली. रस्त्याने टेम्पोत फोमची गादी जाताना दिसली की अब्बा तिच्याकडे पाठ करून बसत. अशा माणसाची मुलगी रोज दोन लेख फोमवर लिहीत होती.

अब्बांना एवढंच ठाऊक होतं की मी गाद्यांवर लिहिते आणि ते परदेशात छापून येतं. कोणत्या गाद्यांवर, ते त्यांनी विचारलं नाही. गादी म्हणजे कापसाची, दुसरी त्यांच्या लेखी गादीच नव्हती. ते चहाच्या टपरीवर सांगत, "आपली पोट्टी अमेरिकेच्या पेपरात लिवून राह्यली. गादीवर!" ऐकणारा विचारायचा, गादीवर बसून की गादीबद्दल? अब्बा त्यालाही चहा पाजत.

"मले एखादा वाचून दाखव ना," ते मला म्हणायचे.

"इंग्रजी आहे अब्बा."

"मंग मराठीत सांग. कायले लपवते?"

कधी मी वीज गेली म्हणायचे, आणि ती खरंच गेलेली असायची. कधी प्रिंटरची शाई संपलेली असायची. माझी भीती एकच होती. ज्या माणसाने आयुष्यभर कापसाशिवाय कशाला हात लावला नाही, त्याला कळता कामा नये की त्याच्या पोरीने त्याच्याच तोंडचे शब्द घेऊन कापूस फेकायला सांगितला. रागावले असते तर चाललं असतं. अब्बांचा राग पिंजणाचं मशीन बंद होईपर्यंत टिकत नसे. पण मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

मग एक दिवस अब्बा मला न सांगता क्लासात गेले. मी जेवायला घरी आले होते. सरांना काही माहीत नव्हतं. इतक्या कौतुकाने आलेल्या बापाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून त्यांनी माझा सगळ्यात गाजलेला लेख शोधला, म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त साइटांनी नक्कल केली होती तो, आणि छापून दिला. अब्बा तो घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि त्यांनी त्याला लॅमिनेशन करून घेतलं. संध्याकाळी मी दुकानात पाऊल टाकलं तर पिंजणाच्या वर, सगळ्यांना दिसेल असा, तो लेख खिळ्याला टांगलेला. मथळा दुरून वाचता येत होता. इंग्रजीत होता, मराठीत सांगते: 'तुमची कापसाची गादी, तुमची वैरीण'.

आख्ख्या जिल्ह्यात स्वतःच्या दुकानात स्वतःच्याच मालाची बदनामी लॅमिनेशन करून टांगणारं दुकान आमचंच असावं.

"कसा दिसते?" अब्बांनी विचारलं.

"छान दिसतो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

लॅमिनेशन ही वस्तू किती चिवट असते ते मला त्या आठवड्यात कळलं. मी तो खिळा सैल करून पाहिला, अब्बांनी दुसरा ठोकला. उंदरांवर भरवसा ठेवला, उंदीर रुई खाऊन गेले आणि लेखाला तोंड लावलं नाही. मग मी क्लासाची वेळ कमी केली आणि दुकानात बसू लागले. चष्मेवालं गिऱ्हाईक आलं की मी लेखासमोर उभी राहायचे. "बाजूला हो बेटा, त्याइले पाहू दे," अब्बा म्हणत. बरेच जण पाहायचे, मान डोलवायचे आणि काही कळलं नाही हे कबूल न करता निघून जायचे. गावात इंग्रजी वाचणारे नव्हते असं नाही, पण त्यांच्या घरी आता फोम होता.

शेवटी यायचे ते आलेच. जवळच्या तांड्यावरचे एक गुरुजी, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आईची गादी सायकलला बांधून घेऊन आले. म्हातारी लेकाच्या नव्या पलंगावर झोपायला तयार नव्हती, तिला तिचीच गादी पिंजून हवी होती. गुरुजी घाम पुसत बाकावर बसले, चष्मा लावला आणि वर पाहिलं. मी उठेपर्यंत उशीर झाला होता.

गुरुजींनी मथळा वाचला. मग मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आमच्या पोट्टीनं लिवला हाय," अब्बा म्हणाले. "मराठीत सांगा ना गुरुजी. थे सांगतच नाई."

मी गुरुजींना डोळ्यांनी हात जोडले. माणूस भला होता, त्यांना कळलं. "गाद्याइबद्दल हाय, चाचा. लई चांगलं लिवलं."

"थे तं हाय, पन काय लिवलं?"

आता शिक्षकाला धडा समोर दिसला आणि कोणी अर्थ विचारला की त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गुरुजी सवयीने उभे राहिले आणि एकेक ओळ वाचून अर्थ सांगू लागले. कापसाच्या गादीत गाठी होतात. कमरेच्या जागी खळगा पडतो. धूळ बसते, ओल धरते. अब्बा प्रत्येक वाक्याला "बरोबर हाय, बरोबर हाय" म्हणत होते. त्यांचीच वाक्यं होती, त्यांना बरोबर वाटणारच. गुरुजींचा आवाज बारीक होत गेला.

"पुढं?" अब्बा म्हणाले.

"पुढं... म्हनून ते गादी फेकून द्या आन् फोमची घ्या, असं लिवलं हाय, चाचा."

अब्बा लेखाकडे पाहत राहिले, जणू तो आता त्यांना वाचता येत होता. मला वाटलं, बोलतील, ओरडतील, गुरुजींसमोर लाज काढतील. तसं त्यांनी केलं असतं तर किती बरं झालं असतं.

"गाठी होतात हे लिवलं," ते शेवटी म्हणाले. "मंग पिंजून घ्या, हे काहून नाई लिवलं?"

शंभर लेखांत मी गादीचं प्रत्येक दुखणं लिहिलं होतं आणि त्यावरचा उपाय, ज्यावर आमचं घर चालत होतं, तो एकदाही लिहिला नव्हता. अब्बांनी गुरुजींच्या आईची गादी उसवायला घेतली आणि मशीन सुरू केलं. त्या आवाजात मी माफी मागितली, ती त्यांना ऐकू गेली की नाही मला माहीत नाही.

तीन दिवस अब्बा माझ्याशी कामापुरतं बोलले. पाणी दे, सुतळी दे. लेख त्यांनी खिळ्यावरून काढला, पण फाडला नाही. लॅमिनेशन ताठ होतं म्हणून अब्बा त्या लेखाने मशीनखालची झडलेली रुई भरू लागले. माझ्या गाजलेल्या लेखाचं सूप झालं आणि खरं सांगायचं तर त्या कामाला तो उत्तम होता.

चौथ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "सांगा, मी लिहिते."

आधी त्यांनी हातातला टाका पुरा केला. मग हळूहळू सुरू झाले आणि थांबेचनात. गादी उन्हात किती वेळ ठेवायची. रुई हातात घेऊन कशी ओढून पाहायची. मी लिहिलं, 'दर दोन वर्षांनी पिंजावी.' अब्बा म्हणाले, "दोन काहून? चांगल्या रुईले चार वर्सं काई होत नाई. आपलं गिऱ्हाईक वाढवाले खोटं नको लिवू." फोम दबला की संपला, कापूस मात्र पिंजला की आधीचं सगळं विसरतो, हे त्यांचंच वाक्य. ते इंग्रजीत करताना मला एक दिवस लागला. पिंजाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते डिक्शनरीत सापडलं, पण कॉम्प्युटर त्या शब्दाखाली लाल रेघ ओढत राहिला. मी रेघेसकट राहू दिला.

सरांनी लेख पाहिला. "याच्यात लिंक कुठं हाय?"

"नाही."

"मंग हा लेख कोनासाठी हाय?"

"माणसांसाठी," मी म्हटलं. सर हसले, मला वेड लागलं आहे असं समजून त्यांनी तो चढवू दिला. गोरं नाव मी काढून टाकलं आणि फोमचे लेख लिहिणं हळूहळू सोडलं. हळूहळू म्हणते, कारण एका झटक्यात सोडण्याइतकी मी शूर नव्हते. सरांनी मग मला एका मासे पाळणाऱ्याच्या वेबसाइटचं काम दिलं. अब्बांचा माशांशी काही संबंध नव्हता.

महिनाभराने क्लासाच्या पत्त्यावर एक मेल आला. खरोखरच्या माणसाचा. शंभर लेखांना एक ओळ आली नव्हती आणि या एकाला आली. कुठल्याशा थंड देशातली बाई होती. तिच्याकडे तिच्या आईची कापसाची गादी होती, गाठी गाठी झालेली. फेकवत नव्हती म्हणून माळ्यावर ठेवली होती. तिने विचारलं होतं, हे काम करणारा माणूस आमच्याकडे कुठे मिळेल?

मी मेल छापून दुकानात नेला. या वेळी एक शब्दही न गाळता मराठीत सांगितला. अब्बा खोळीला टाके घालत होते. त्यांनी दाभण तसंच खोळीत अडकवून ठेवलं.

"तिच्या गावात पिंजारी नाई?"

"नाही अब्बा."

"बाजूच्या गावात?"

"तिकडे कुठेच नसतील."

त्यांना ते पटायला वेळ लागला. आख्खा देश आणि एकही पिंजारी नाही, असं कसं होईल, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मंग थे लोक गाठी झाल्या का, करतात काय?"

"फेकून देतात."

अब्बांनी खोळीवरची रुई झटकली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा पूर्वीसारखं.

"मंग तुनं लिवलं थे बराबर होतं, बेटा. जिथं पिंजारी नाई, तिथं मानसानं फोमच घ्यावा."

मला माफी मिळाली होती. महिनाभर जी हवी होती ती मिळाली आणि मला रडूच कोसळलं, कारण अब्बांनी जे परदेशाबद्दल म्हटलं ते मला नेरबद्दल ऐकू आलं. मशीनपाशी ते एकटेच होते. मला त्यांनीच तिथून दूर केलं होतं आणि मीही आनंदाने दूर झाले होते. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी दाभण पुन्हा हातात घेतलं आणि मला डोळे पुसू दिले.

"त्या बाईले जवाब लिव," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"लिव का, आमी आहो अजून."